गावकूस गेले, हद्द आली!

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत दर उन्हाळ्यात एक संवाद ऐकू येतो. गावाच्या शेवटच्या नळापासून दोन-तीनशे पावलांवर एक वस्ती असते. वस्तीतल्या मायमाउल्या रिकाम्या घागरी घेऊन नगर परिषदेवर येतात, अर्ज देतात. टेबलामागून उत्तर येते, "मावशी, तुमची वस्ती आमच्या हद्दीत नाही. ग्रामपंचायतीकडे जा." ग्रामपंचायतीत गेल्या तर ग्रामसेवक म्हणतो, "जलवाहिनी नगर परिषदेची. आमच्याकडे पाणीच नाही, अन् तुमची घरं गायरानात." दोघांचीही कागदपत्रे बरोबर असतात. त्या दोन बरोबर कागदांच्या मधोमध वस्ती तहानलेली राहते.

नगर परिषदेने आपल्या हद्दीबाहेर पाणी द्यावे की देऊ नये, हा प्रश्न अंबडसारख्या गावापुढे वारंवार येतो आणि पुढेही येत राहणार आहे. गाव वाढते आहे. शेतात प्लॉट पडत आहेत. खेड्यातून उठून आलेला मजूर गावाच्या कडेला पत्रे उभे करून राहतो आहे. वरवर पाहता हा अभियंत्याच्या आणि मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावरचा विषय वाटेल. किती इंच पाइप, किती अश्वशक्तीचा पंप, किती पाणीपट्टी! पण चळवळीच्या माणसाने एक साधा प्रश्न विचारावा. हद्दीच्या बाहेर राहते कोण? बागायतदाराचा मळा बाहेर असतो, पण त्याची स्वतःची विहीर असते, बोअर असते. विहीर नाही, बोअर नाही आणि नळही नाही, असा जो उरतो तो बौद्ध, मातंग, पारधी, भिल्ल, कैकाडी, वडार नाहीतर गरीब मुसलमान असतो. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, याचा शोध घेतला. आज गावकुसाची भिंत पडली आहे. तिच्या जागी नगर परिषदेच्या नकाशावरची रेघ आली आहे. भिंत दिसत तरी होती, रेघ दिसत नाही. एवढाच काय तो फरक!

गावाचे पाणी कोणत्या हद्दीतले?

अंबडकरांनी आधी आपल्या नळाला येणारे पाणी कुठून येते, ते पाहावे. अंबड गावात होळकरकालीन बारवा आहेत. त्या काळच्या वस्तीला त्यांचा आधार होता. आजचे गाव बारवेवर जगत नाही. जायकवाडीचे पाणी जालना शहराकडे नेणारी जलवाहिनी अंबडवरून जाते आणि अंबडची तहानही याच पाण्यावर भागते. नाथसागर पैठणला आहे. पैठण अंबड तालुक्यात नाही, जालना जिल्ह्यातही नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणासाठी ज्यांची गावे आणि शेते पाण्याखाली गेली, त्यांना कुणी "तुम्ही अंबडच्या हद्दीत आहात का" असे विचारले नव्हते. जालन्याचेही तसेच. निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव शहराच्या बाहेर आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याचे हाल साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आणि शेवटी शहराची तहान गोदावरीनेच भागवली.

म्हणजे पाणी घेताना हद्द आडवी येत नाही. ती देताना आडवी येते.

याहून मोठी गोष्ट मराठवाड्याच्या पाण्याच्या लढ्याची आहे. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतली वरची धरणे भरतात आणि खाली जायकवाडी रिकामे राहते, तेव्हा आपण काय म्हणतो? गोदावरी एका जिल्ह्याची नाही, खोरे एक आहे, तुटीच्या वर्षी टंचाई सर्वांनी वाटून घ्यावी, असे आपण म्हणतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडण्याचे सूत्र ठरले. प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. वरच्यांचे म्हणणे तेव्हा काय होते? "आमच्या धरणातले पाणी, आमच्याच माणसांना पुरत नाही, बाहेर का द्यायचे?" मराठवाड्याने हे म्हणणे अन्यायाचे ठरवले आणि ते योग्यच होते. मग तेच वाक्य अंबडच्या नगर परिषदेत बसून गायरानातल्या वस्तीला ऐकवता येईल काय? नाशिकपुढे समन्यायाची भाषा आणि पारधी वस्तीपुढे हद्दीची भाषा, हा दुटप्पीपणा झाला.

बाबासाहेबांचा या बाबतीतला विचार आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर नदी बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांतून वाहते. तिचा विचार प्रांताच्या हद्दीने न करता संपूर्ण खोऱ्याचा म्हणून करावा, ही भूमिका त्या काळात घेतली गेली आणि १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ असलेला आयोगही त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली स्थापन झाला. पाण्याचे नियोजन खोऱ्याने करावे, प्रांताच्या अहंकाराने करू नये, हा त्याचा गाभा. दोन प्रांतांच्या हद्दी ओलांडणारा हा विचार एका नगर परिषदेला तीनशे पावले ओलांडायला पुरेसा व्हावा.

कायदा काय म्हणतो?

हद्दीचे कारण सांगणारे बहुतेक जण कायद्याचे नाव घेतात. म्हणून कायदाच पाहू. महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ च्या कलम ४९ मध्ये नगर परिषदेची कर्तव्ये सांगितली आहेत आणि पाणीपुरवठा हे त्यांतले आवश्यक कर्तव्य आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा नगरपालिकांकडे आला आणि ७३ व्या घटनादुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी पंचायतींकडे आले. नगर परिषदेचे पहिले कर्तव्य आपल्या हद्दीतल्या रहिवाशांबाबत आहे, हे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिले कर्तव्य हद्दीत आहे, याचा अर्थ हद्दीबाहेर बंदी आहे असा होत नाही. नगर परिषदेचा पैसा वरिष्ठांची मंजुरी घेऊन हद्दीबाहेरही खर्च करता येतो. तसे नसते तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या धरणावरून पाणी आणणे कोणत्याही नगर परिषदेला जमले नसते. ग्रामपंचायतीशी करार करून, मीटर बसवून ठोक पाणी देण्याचा मार्गही मोकळा असतो.

"गायरानातली घरे बेकायदा आहेत" हे दुसरे कारण. मुंबईतल्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये याच मुद्द्याचा निकाल लावला. पिण्याच्या पाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. राहते घर बेकायदा आहे एवढ्या कारणावरून माणसाचे पाणी तोडता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पाणी दिले म्हणून घर कायदेशीर होत नाही आणि दर वेगळा ठेवायलाही हरकत नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे "नळ दिला तर अतिक्रमण पक्के होईल" ही भीती न्यायालयाने आधीच निकाली काढली आहे. मराठवाड्यात गायरानावर दलित, भूमिहीन माणूस हौसेने बसलेला नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, तेव्हापासून ही मागणी चालू आहे. जमिनीचा प्रश्न जेव्हा सुटायचा तेव्हा सुटेल. तोपर्यंत लेकरांनी काय प्यायचे?

तिसरे कारण पैशाचे. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगून ठेवले आहे की, आरोग्याच्या मूलभूत सोयींची जबाबदारी टाळण्यासाठी नगरपालिकेला तिजोरी रिकामी असल्याचे कारण पुढे करता येणार नाही. तो खटला हद्दीतल्या रहिवाशांचा होता, हे मान्य. पण वस्तीसाठी निधीच नाही, असेही नाही. ग्रामीण भागासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. जल जीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे मानक ठरवले. अडचण वेगळीच आहे. वस्ती नगर परिषदेच्या बाहेर म्हणून शहरी निधी नाही आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तिचे नावच नाही म्हणून ग्रामीण निधी नाही. दोन योजनांच्या फटीत वस्ती पडते.

आणि पाणी पोहोचल्यावर कुणी जातीच्या कारणावरून नळावर अडवले, तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ४ मध्ये नदी, विहीर, तलाव यांच्याबरोबर पाण्याच्या नळाचाही उल्लेख आहे. ॲट्रॉसिटी कायदाही आहे. पण हे कायदे लागू व्हायला आधी नळ तरी असावा लागतो. नसलेल्या नळावर कुणी अडवले, म्हणून फिर्याद देता येत नाही. नळच न देणे हा भेदभावाचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, कारण त्यात आरोपी सापडत नाही.

महाडचा ठराव आठवा

पाण्याबाबत एखाद्या लहान गावाच्या नगरपालिकेने केलेला सर्वांत प्रसिद्ध ठराव महाडचा आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव चांगला होता. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसे पाठीशी होती. पण तीन वर्षे त्या ठरावाने एका ओंजळीचीही सोय केली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा कुठे ठरावाला पाणी लागले. त्यानंतर काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात अखेरचा विजय मिळाला. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे!

आपण दरवर्षी २० मार्चला महाडला वंदन करतो. पण वकील म्हणून मला महाडची दुसरी शिकवण तितकीच महत्त्वाची वाटते. पाइप आणि तोटी यांची तरतूद नसलेला ठराव म्हणजे तोंडाला पुसलेली पाने. आणि बहुमताने दिलेले पाणी पुढच्या सभेत बहुमताने परत घेता येते. हद्दीबाहेरच्या वस्तीच्या बाबतीत हा धोका दुप्पट आहे. महाडचे अस्पृश्य निदान नगरपालिकेला जाब विचारू शकत होते. हद्दीबाहेरचा माणूस नगर परिषदेचा मतदारच नसतो. त्याचे पाणी बंद केले तर एकाही नगरसेवकाचे एकही मत जात नाही. म्हणून त्याला मेहरबानीचे पाणी चालणार नाही, कराराचेच पाणी हवे.

हे फक्त आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यात झेन्सव्हिल नावाचे लहान शहर आहे. त्याच्या हद्दीला लागून कोल रन ही वस्ती. तिथले बहुतेक लोक काळे. सुमारे ५० वर्षे त्यांना नळ मिळाला नाही. जुन्या कोळसा खाणींमुळे विहिरींचे पाणी खराब झालेले. लोक छपरावरचे पावसाचे पाणी हौदात साठवत, नाहीतर गाडीतून पाणी आणत. आसपासच्या गोऱ्यांच्या घरी मात्र नळ होते. तिथले प्रशासन वर्णभेदाचा आरोप नाकारतच राहिले. लोकांनी नागरी हक्क आयोगाकडे तक्रार केली, फेडरल न्यायालयात गेले. २००४ साली पाणी पोहोचले आणि २००८ साली ज्यूरीने त्या रहिवाशांना सुमारे १ कोटी १० लाख डॉलर भरपाई मंजूर केली. तिथल्या काळ्या माणसाची हद्दीबाहेरची वस्ती आणि इथल्या दलिताची गायरानातली वस्ती, दोघांचा अर्ज एकाच शब्दाने फेटाळला गेला. तो शब्द म्हणजे हद्द.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?"

विरोधकांचा एक मुद्दा मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. मराठवाड्यातल्या कित्येक शहरांत आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येते. वीजबिल थकले की पंप बंद. गावातली बाई म्हणते, "आम्हालाच पुरेना, बाहेर कुठून देता?" तिचा राग खोटा नाही. म्हणून हिशेब मांडू.

समजा, एका गावाची लोकसंख्या ३० हजार आहे. भुयारी गटार नसलेल्या शहराला माणशी ७० लिटरचे मानक धरले, तर रोज २१ लाख लिटर पाणी लागते. हद्दीबाहेर १०० घरांची वस्ती आहे. घरटी पाच माणसे आणि माणशी ५५ लिटर धरले, तर रोज २७ हजार ५०० लिटर होतात. गावाच्या गरजेच्या दीड टक्काही नाही! पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात १५ टक्क्यांपर्यंत गळती गृहीतच धरलेली असते. म्हणजे कागदावर मान्य असलेल्या गळतीच्या दहाव्या हिश्श्यात एक वस्ती पाणी पिते. फुटलेला व्हॉल्व्ह महिनोन् महिने वाहतो, त्याला कुणी हद्द विचारत नाही. मुख्य वाहिनीवरची चोरीची जोडणी कुणाच्या आशीर्वादाने चालते, हेही गावाला ठाऊक असते. पाणी कमी आहे हे खरे, पण ते वस्तीमुळे कमी पडते हे खोटे आहे.

आणखी एक हिशेब नगर परिषदेने स्वतः मांडावा. हद्दीबाहेर प्लॉटिंग पडले, बंगले उठले की हद्दवाढीचा प्रस्ताव लगेच तयार होतो, कारण तिथून घरपट्टी येते. वस्तीकडून घरपट्टी येत नाही, म्हणून रेघ नेमकी तिच्या अलीकडे वळण घेते. हद्द कुठे थांबवायची हे माणसे ठरवतात, माणसांना ते बदलताही येते.

आपल्या नळाचे काय?

आता दोन शब्द आपल्या लोकांसाठी. आज तालुक्याच्या गावांतल्या बुद्धविहाराभोवतीच्या वस्त्या बहुधा हद्दीत आहेत. आपल्या आजी-आजोबांनी लढून नळ मिळवले. शिक्षक, कारकून, कंडक्टर झालेल्या आपल्या माणसांच्या घरावर टाकी आहे. हद्दीबाहेर आज जो पारधी, मातंग, भिल्ल बसला आहे, त्याच्या अर्जावर सही करायला आपल्यातले किती जण जातात? "आपल्यालाच कमी पडेल" हे वाक्य विहाराच्या ओट्यावर बसूनही बोलले जाते. महाडचा वारसा सांगणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही. तळ्यावरचा तो लढा एका जातीच्या ओंजळीसाठी नव्हता. तो समतेचा ध्वज होता. आपला नळ आला म्हणून लढा संपला, असे मानणारा माणूस रेघेच्या आत आला आणि त्याने दार लावून घेतले, असेच म्हणावे लागेल.

मागणी नेमकी करावी. मोघम निवेदनाला मोघम आश्वासन मिळते. हद्दीपासून एक-दोन किलोमीटरच्या आतल्या, नळ नसलेल्या वस्त्यांची नगर परिषद आणि पंचायत समितीने संयुक्त पाहणी करून यादी जाहीर करावी. नगर परिषद आणि संबंधित ग्रामपंचायत यांच्यात लेखी करार व्हावा. रोज किती लिटर, कोणत्या वेळी, काय दराने आणि देयक कोण भरणार, हे त्यात आकड्यांत लिहिलेले असावे. दर फुकट नको. परवडेल असा असावा, पण पावती मिळालीच पाहिजे, कारण पावती हा उद्याचा पुरावा आहे. तोटी वस्तीत हवी, वस्तीबाहेरच्या चौकात नको. चौकातल्या नळावर पहिली घागर कुणाची, हे अजूनही जात ठरवते. टंचाईत कपात करायची तर दोन्हीकडे सारख्या प्रमाणात करावी. आधी बाहेरचे बंद, मग आतले कमी, असा क्रम नको. आणि पाणी बंद करायचे झाल्यास आधी नोटीस व सुनावणी, ही अट करारातच असावी. महाडच्या ४ ऑगस्टची पुनरावृत्ती रोखायची ती एवढ्या एका ओळीने.

अर्ज सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला लावावा. नकार द्यायचा असेल तर तो लेखी आणि कारणांसह मागावा. तोंडी नकार न्यायालयात सिद्ध करणे अवघड असते, लेखी नकार हाच पुरावा असतो. माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागाव्यात. रोज किती पाणी उचलले जाते आणि किती पाण्याची बिले दिली जातात? या दोन आकड्यांतला फरक हाती आला की "पाणीच नाही" म्हणणाऱ्यांची बोलती बंद होते. आणि या कामात वस्तीतल्या बायांना पुढे ठेवा. घागरीचे वजन त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही.

घटनेच्या कलम १५ ने सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या विहिरी-तलावांवर कुणाला मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले. त्या कलमात धर्म आहे, वंश आहे, जात आहे, लिंग आहे, जन्मस्थान आहे. हद्द हा शब्द त्यात नाही, म्हणून तिच्या आडून जुनाच मज्जाव चालवला जातो. अंबडच्या नगर परिषदेपुढे हा विषय येईल तेव्हा सभागृहातल्या प्रत्येकाने, आपल्या समाजाच्या नगरसेवकांनी तर आधी, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जायकवाडीचे पाणी गावापर्यंत येताना कित्येक हद्दी ओलांडून आले आहे. शेवटची तीनशे पावले त्याला कोण अडवते, हे वस्ती पाहते आहे.

जय भीम!